नाडी, नाव आणि पत्ता

आजारी माणूस दवाखान्यात जातो तेव्हा तो आपल्या शरीराबरोबर आणखी तीन गोष्टी परक्याच्या हाती सोपवतो : नाव, वय आणि राहण्याचे ठिकाण. केसपेपर त्याशिवाय निघत नाही. बहुतेकांना या व्यवहारात काही वावगे वाटत नाही, कारण ही माहिती दवाखान्याच्या कपाटातच राहील असे त्यांनी गृहीत धरलेले असते. पण ज्याच्याजवळ राहण्याचा परवाना नाही, ज्याचा व्हिसा संपला आहे, ज्याचा आश्रयाचा अर्ज फेटाळला गेला आहे किंवा ज्याच्या भाषेवरून आणि नावावरून तो 'इकडचा नाही' असे ठरवले जाते, त्याच्यासाठी या तीन गोष्टी रोगापेक्षा भारी ठरतात. रोग एकट्यालाच मारील. पत्ता कळला तर घर उठेल. म्हणून तो ताप अंगावर काढतो. गरोदर बाई नवव्या महिन्यापर्यंत तपासणीला जात नाही.

रुग्णाची गोपनीयता हा विषय सामान्यपणे वकिलांचा आणि डॉक्टरांचा मानला जातो. आमच्या मते तो साहित्याचाही आहे. लेखकही दुसऱ्याच्या दुःखाची गुपिते बाळगतो, आणि ती केव्हा, कोणापुढे, किती उघड करायची याचा निर्णय त्यालाही करावा लागतो. गेल्या पन्नास वर्षांत स्थलांतरिताच्या शरीराविषयी जे लिहिले आणि दाखवले गेले, त्यातील चार कलाकृती आम्ही येथे विचारासाठी घेत आहोत : जॉन बर्जर आणि छायाचित्रकार ज्याँ मोर यांचे 'अ सेव्हन्थ मॅन' (१९७५) हे पुस्तक, स्टीफन फ्रिअर्स यांचा 'डर्टी प्रिटी थिंग्ज' (२००२) हा चित्रपट, बेल्जियमच्या दार्देन बंधूंचा 'द अननोन गर्ल' (२०१६) हा चित्रपट आणि दीपक उन्नीकृष्णन यांचे 'टेंपररी पीपल' (२०१७) हे कथात्म पुस्तक. चारही ठिकाणी एकच प्रश्न वेगवेगळ्या तोंडांनी विचारला आहे : आजारी परक्याविषयी जे कळते, त्यावर हक्क कोणाचा?

बर्जर यांच्या पुस्तकामागची हकिकत सुपरिचित आहे. १९७२ साली 'जी.' या कादंबरीसाठी त्यांना बुकर पारितोषिक मिळाले. त्या रकमेतील अर्धी त्यांनी ब्लॅक पँथर चळवळीला देऊन टाकली आणि उरलेली युरोपातील स्थलांतरित कामगारांच्या अभ्यासाकडे वळवली. त्यातून 'अ सेव्हन्थ मॅन' उभे राहिले. १९६१ मध्ये जर्मनी आणि तुर्कस्तान यांच्यात कामगारभरतीचा करार झाला होता. त्या करारान्वये जाणाऱ्या तुर्की पुरुषांची वैद्यकीय तपासणी इस्तंबूलमध्येच होई. मोर यांच्या कॅमेऱ्याने ती तपासणी टिपली आहे. उघड्या अंगाने रांगेत उभे असलेले पुरुष, त्यांच्या त्वचेवर लिहिलेले आकडे, आणि मान खाली घालून त्यांना चाचपणारे डॉक्टर. या चित्रांत क्रूरता कोठेही दिसत नाही. डॉक्टर आपले काम करीत आहेत, इतकेच. पण त्या खोलीत रुग्ण असा कोणी नाहीच. तेथे फक्त उमेदवार आहेत. जो तपासतो तो तपासल्या जाणाऱ्याचा डॉक्टर नसून कारखान्याचा डॉक्टर आहे. छातीत काय ऐकू आले हे तो ज्याची छाती आहे त्याला सांगण्यास बांधलेला नाही. भरती करणाऱ्याला सांगण्यास मात्र आहे. वैद्यकीय ज्ञानाची दिशाच येथे उलटते. बर्जर यांचे मोठेपण हे की, त्यांनी हा उलटा प्रवाह कोणत्याही आरडाओरड्याशिवाय दाखवला.

हे वाचताना कोकणातल्या वाचकाला परके काही वाटणार नाही. रत्नागिरी आणि रायगड जिल्ह्यांतील मुसलमान कुटुंबांच्या किमान दोन पिढ्या आखाती देशांत कष्ट करून जगल्या. आखातात जाण्यापूर्वी त्या देशांनी मान्य केलेल्या केंद्रात 'मेडिकल' करावे लागते. क्षयाची छाया, कावीळ 'ब' आणि 'क', एचआयव्ही यांची तपासणी होते आणि निकाल व्हिसाच्या यंत्रणेकडे जातो. 'अनफिट' हा इंग्रजी शब्द आमच्या खेड्यांतील निरक्षर आजीलाही ठाऊक आहे. तिकडे गेल्यावरही परवान्याच्या नूतनीकरणाच्या वेळी तपासणी होते, आणि एचआयव्हीसारखी लागण आढळली तर उपचाराऐवजी परतीचे विमान दाखवले जाते, हा आखातातील अनेक देशांचा रिवाज आहे. म्हणजे रोगाचे निदान हाच हद्दपारीचा हुकूम. असा माणूस गावी येतो तेव्हा का परत आला, हे सांगू शकत नाही. सांगितले तर घराण्याची अब्रू जाते. आमच्या कथा-कवितांत आखाताचा पैसा आला, टेपरेकॉर्डर आला, अत्तर आले, विरहिणीची पत्रे आली. 'अनफिट' होऊन परतलेल्या माणसाची बंद खोली मात्र पुरेशी आली नाही. ज्या गोष्टीबद्दल समाज गप्प राहतो तिच्याबद्दल लेखकही गप्प राहिला, तर त्याला गोपनीयता म्हणता येत नाही. ते केवळ भय होय.

'डर्टी प्रिटी थिंग्ज'मध्ये हे भय लंडनच्या एका हॉटेलात राहायला आले आहे. ओक्वे हा नायजेरियाचा डॉक्टर कागदपत्रांविना लंडनमध्ये राहतो. दिवसा टॅक्सी चालवतो, रात्री हॉटेलच्या स्वागतकक्षात उभा राहतो. शेनाय ही तुर्की मुसलमान तरुणी आश्रयाच्या अर्जाचा निकाल लागण्याची वाट पाहते आहे. तिला काम करण्याची मुभा नाही, पण काम केल्याशिवाय जगणे शक्य नाही. ओक्वेला हॉटेलच्या शौचालयात मानवी हृदय सापडते आणि मग उलगडते ते मूत्रपिंडांचे दुकान. हॉटेलचा व्यवस्थापक पारपत्राच्या मोबदल्यात निराधार माणसांची मूत्रपिंडे काढून विकतो. पटकथाकार स्टीव्हन नाइट यांनी रचलेली ही कल्पना रहस्यपटाची आहे, पण तिच्या तळाशी असलेला हिशेब अगदी घरगुती आहे : ज्याला सरकार ओळख देत नाही, तो आपल्या शरीराचा तुकडा देऊन ओळख विकत घेतो.

चित्रपटातील आम्हांला सर्वांत महत्त्वाचा वाटलेला प्रसंग खून-रहस्याशी संबंधित नाही. मूत्रपिंड विकलेला एक सोमाली पुरुष घरात पडून आहे. जखम चिघळली आहे. त्याला इस्पितळात नेणे शक्य नाही. ओक्वे इस्पितळातून औषधे चोरून आणतो आणि घरातल्या घरात त्याच्यावर उपचार करतो. येथे चोरी आणि वैद्यकी यांच्यातील सीमारेषा पुसली जाते. ज्या देशाने ५ जुलै १९४८ रोजी राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू करून उपचाराच्या क्षणी पैसे न मागण्याचे वचन दिले, त्याच देशात एका प्रशिक्षित डॉक्टरला चोरासारखे उपचार करावे लागतात. टॅक्सीचे चालकही आपले लाजिरवाणे रोग घेऊन याच ओक्वेकडे येतात. त्याच्याकडे नोंदवही नाही, केसपेपर नाही, म्हणूनच त्याच्यावर भरवसा आहे. गोपनीयतेचे असे उलटे चित्र क्वचितच कोणी काढले असेल.

तरीही या चित्रपटाविषयी आमचा एक आक्षेप आहे. ओक्वे इतका सच्छील आहे की त्याच्यापुढे समाजव्यवस्थेचा प्रश्न लहान होऊन व्यक्तीच्या चांगुलपणाचा प्रश्न मोठा होतो. शेवटी व्यवस्थापकालाच बेशुद्ध करून त्याचे मूत्रपिंड काढले जाते आणि प्रेक्षक सुटकेचा श्वास टाकतो. हा काव्यगत न्याय झाला; पण ओक्वेचे काय झाले? ज्याच्या भरवशावर रुग्ण विसंबले होते, त्या डॉक्टरने शस्त्र उलटे फिरवले. दुष्टाच्या बाबतीत का होईना, संमतीविना शरीर कापणे त्याने स्वीकारले. चित्रपट या नैतिक पडझडीकडे वळून पाहत नाही. दुसरे असे की, येथे सरकार म्हणजे दारावर थाप मारणारे इमिग्रेशनचे दोन अधिकारी. ते येतात तेव्हा खिडकीतून पळता येते. इस्पितळाचे दफ्तरच एक दिवस अधिकाऱ्याचे काम करील, ही शक्यता २००२ च्या या चित्रपटाच्या कल्पनेत नव्हती.

ती शक्यता पंधरा वर्षांनी खरी ठरली. १ जानेवारी २०१७ पासून इंग्लंडमध्ये आरोग्यसेवेची माहिती सांभाळणारी एनएचएस डिजिटल ही संस्था, आरोग्य खाते आणि गृह खाते यांच्यातील एक सामंजस्य करार अमलात आला. त्यान्वये इमिग्रेशनच्या कामासाठी रुग्णांची माहिती गृह खात्याला मागता येऊ लागली. सरकारचा युक्तिवाद असा होता की, रोगाविषयी काहीच दिले जात नाही. नाव, जन्मतारीख, शेवटचा ठाऊक असलेला पत्ता एवढेच दिले जाते. हा युक्तिवाद ऐकायला निरुपद्रवी वाटतो, आणि म्हणूनच त्याची चिकित्सा व्हायला हवी. त्यात रोग म्हणजे गुपित आणि पत्ता म्हणजे किरकोळ नोंद अशी वर्गवारी आहे. सुस्थित माणसाच्या बाबतीत ती बरोबर आहे. ज्याला हुडकून काढायचे आहे, त्याच्या बाबतीत ती नेमकी उलटी होते. त्याला मधुमेह आहे हे जगाला कळले तरी त्याचे काही बिघडत नाही. तो कोणत्या खोलीत झोपतो हे कळले की सारे संपते. गुपित कोणते हे गुपिताच्या प्रकारावरून ठरत नाही. ते कोणाच्या हाती पडले यावरून ठरते. डॉक्टरांच्या संघटनांनी आणि पार्लमेंटच्या आरोग्य समितीने विरोध केल्यावर मे २०१८ मध्ये सरकारने या व्यवहाराला मोठी कात्री लावली, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये करार मागे घेण्यात आला. मात्र २०१७ पासून परदेशी ठरणाऱ्या रुग्णाकडून इस्पितळाने नियोजित उपचाराआधीच पैसे वसूल करण्याची सक्ती आली होती, ती उठली नाही. म्हणजे कागद तपासणारी खिडकी तेथे राहिलीच.

दार्देन बंधूंचा 'द अननोन गर्ल' या वळणावर अधिक खोल जातो. बेल्जियममधील सेरँ या औद्योगिक गावात जेनी ही तरुण डॉक्टर एका छोट्या दवाखान्यात काम करते. वेळ संपल्यावर दाराची घंटा वाजते; ती दार उघडू देत नाही. दुसऱ्या दिवशी कळते की घंटा वाजवणारी कृष्णवर्णीय तरुणी नदीकाठी मृतावस्थेत सापडली. तिच्याजवळ कागद नाहीत, नाव नाही. जेनी त्या मुलीचे छायाचित्र घेऊन गावभर फिरते. तिला खुनी पकडायचा नसतो. त्या मुलीला नाव मिळाल्याशिवाय पुरू नये, एवढेच तिला हवे असते.

या चित्रपटातील एक क्षण आमच्या विषयाच्या मध्यावर येऊन उभा राहतो. जेनी ब्रायन नावाच्या किशोरवयीन रुग्णाची नाडी पाहत असताना त्याला ते छायाचित्र दाखवते. तो काही बोलत नाही, पण नाडी जोराने धावू लागते. तिला कळते की याला काही ठाऊक आहे. आता या नाडीचे काय करायचे? आमच्याकडे नाडीपरीक्षेची मोठी परंपरा आहे. हकीम असो वा वैद्य, बोटे मनगटावर ठेवून तो रोग वाचतो अशी लोकांची श्रद्धा. त्याच बोटांनी येथे साक्ष वाचली. उपचारासाठी दिलेला हात तपासासाठी वापरला गेला. जेनी मुलाला सांगते की, ती व्यवसायाच्या गोपनीयतेने बांधलेली आहे, ती पोलिसांना सांगणार नाही. आणि ती शब्द पाळते. पुढे एकामागून एक माणसे तिच्यापुढे आपणहून बोलू लागतात, ती त्या शब्दाच्या बळावर. शेवटी मुलीची बहीणच दवाखान्यात येऊन तिचे नाव सांगते.

काही समीक्षकांना यात दार्देन बंधूंचा नेहमीचा ताण कमी पडल्यासारखा वाटला, आणि तो आक्षेप अगदीच निराधार नाही. डॉक्टरच गुप्तहेर झाल्यामुळे गावातील प्रत्येक दुखणे हा पुरावा वाटू लागतो. मृत मुलगी स्वतः कोठेच बोलत नाही. तिच्या मरणाच्या निमित्ताने एका युरोपीय डॉक्टरचे मन जागे होते, एवढ्यापुरतीच ती उरते. पण या मर्यादा मान्य करूनही या चित्रपटाने एक भेद स्पष्ट केला, त्याचे मोल मोठे आहे. पोलिसालाही नाव हवे आहे आणि जेनीलाही नाव हवे आहे. पोलिसाच्या हाती ते नाव प्रकरण निकालात काढण्याच्या कामी येईल. जेनीच्या हाती ते कबरीवर जाईल. नाव एकच, मागणाऱ्याच्या हेतूने त्याचा अर्थ बदलतो. मेलेल्याला नाव मिळणे ही त्याची प्रतिष्ठा आहे. जिवंत, कागदाविना राहणाऱ्या माणसाचे नाव न विचारणे हीच त्याची प्रतिष्ठा असू शकते.

'टेंपररी पीपल'मध्ये तर डॉक्टरही शिल्लक राहिलेला नाही. अबू धाबीत वाढलेल्या या केरळी लेखकाने आखातातील हंगामी माणसांची जी विचित्र दुनिया उभी केली आहे, तिच्या आरंभीच ॲना वर्गीस नावाची बाई भेटते. बांधकामावरून पडलेल्या मजुरांना शोधत ती रात्री फिरते आणि त्यांचे निखळलेले अवयव डिंक, चिकटपट्टी, सुईदोरा यांनी पुन्हा जोडते. कल्पना अद्भुत आहे, पण ती अद्भुताच्या हौसेपोटी आलेली नाही. जेथे मजुराचे राहणे मालकाच्या मर्जीवर अवलंबून असते, त्याचे पारपत्र बहुधा मालकाच्या कपाटात असते, तेथे मोडलेला मजूर हा नोंदवहीतला अडचणीचा आकडा ठरतो. त्याला बरे करायचे असते ते पुन्हा कामावर उभे करण्यापुरते. ॲना जखमींची विचारपूस करते, त्यांच्याशी गप्पा मारते. तिच्याकडे ना पदवी, ना रजिस्टर. येथेही लंडनच्या ओक्वेसारखेच आहे : नोंद नाही म्हणून माणुसकी आहे. उन्नीकृष्णन यांची भाषा कधीकधी स्वतःच्याच चमत्कृतीवर भाळते आणि काही प्रकरणे नुसत्या शब्दांच्या याद्या होऊन बसतात. पण ॲना वर्गीसची पाने आखाताविषयीच्या भारतीय लेखनात सहज विसरली जाणार नाहीत.

या चार कलाकृती एकत्र ठेवल्या की एक आलेख दिसतो. १९७५ मध्ये परक्याचे शरीर वेशीवर मोजले जात होते. २००२ मध्ये ते शहराच्या पोटात लपून विकले जात होते. २०१६ मध्ये ते दवाखान्याच्या बंद दाराबाहेर मरून पडले. २०१७ मध्ये ते चिकटपट्टीने जोडले जाते आहे. अधिकृत आरोग्यव्यवस्था प्रत्येक टप्प्यावर थोडी अधिक दूर गेली. कलावंतांनी हे मनाने रचलेले नाही. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात १९९४ मध्ये 'प्रपोझिशन १८७' मतदारांनी बहुमताने मंजूर केले. बेकायदा स्थलांतरितांना तातडीची सोडून इतर आरोग्यसेवा नाकारावी आणि संशयित रुग्णांची माहिती सरकारला द्यावी, असे त्यात होते. न्यायालयाने ते रोखले. २००९ मध्ये इटलीत, कागद नसलेल्या रुग्णाची खबर देण्यास डॉक्टरांना मनाई करणारे १९९८ चे कलम काढून टाकण्याचा घाट घातला गेला. तेव्हा डॉक्टर आणि परिचारिका रस्त्यावर आल्या. आम्ही उपचार करणारे आहोत, खबरे नव्हेत, असे त्यांनी बजावले, आणि ते कलम वाचले. जर्मनीत उपचाराचे बिल चुकते करणाऱ्या सरकारी कचेरीवर परदेशी नागरिकांच्या खात्याला कळवण्याचे बंधन असल्याने तेथील डॉक्टरांनी आणि स्वयंसेवकांनी निनावी उपचाराची केंद्रे काढली.

अमेरिकेत हा प्रश्न आज पुन्हा ऐरणीवर आहे. तेथे १९८६ च्या कायद्याने इस्पितळाच्या तातडीच्या विभागात आलेल्या कोणालाही, तो कोण आहे हे न पाहता, तपासणे आणि त्याची प्रकृती स्थिर करणे बंधनकारक आहे. १९९६ च्या कायद्यातून रुग्णाच्या माहितीला संरक्षणही मिळाले. इस्पितळे, शाळा, प्रार्थनास्थळे येथे इमिग्रेशनच्या शिपायांनी शक्यतो कारवाई करू नये, असे धोरण अनेक वर्षे होते. जानेवारी २०२५ मध्ये नव्या सरकारने ते रद्द केले. त्याच वर्षी जूनमध्ये गरिबांसाठीच्या 'मेडिकेड' योजनेतील लाखो लोकांची माहिती गृहसुरक्षा खात्याकडे गेल्याचे उघड झाले. वीस राज्ये न्यायालयात गेली. ऑगस्टमध्ये न्यायाधीशांनी त्या राज्यांपुरती ही देवाणघेवाण थांबवली, पण वर्षअखेरीस नाव, पत्ता, दूरध्वनी अशी प्राथमिक माहिती देण्यास मुभा दिली. इंग्लंडमध्ये जो युक्तिवाद २०१८ साली मागे घ्यावा लागला, तोच समुद्रापलीकडे वेगळ्या कायद्याच्या वेषात उभा राहिला : रोग तुमचा, पत्ता आमचा.

यावर उलटा प्रश्न येतो आणि तो टाळणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. देशाला सीमा असते, सीमेचे कायदे असतात, खजिन्यालाही तळ असतो. मग कोणीही यावे आणि फुकट उपचार घ्यावेत काय? आमचे म्हणणे असे की, कोणाला देशात राहू द्यावे हा एक निर्णय आहे आणि आजारी माणसाचे काय करावे हा दुसरा. पहिला निर्णय करण्यासाठी सरकारकडे पोलीस आहेत, न्यायालये आहेत. दुसऱ्यातून पहिल्याचा मार्ग काढला की दोन्ही बिघडतात. क्षयाचा साधा उपचारही सहा महिने चालतो. रुग्णाने पुन्हापुन्हा यावे लागते. भीतीने त्याने तिसऱ्या महिन्यात येणे सोडले तर जंतू औषधाला दाद देईनासे होतात आणि मग ते शेजाऱ्याचे पारपत्र तपासून त्याच्या घरात शिरत नाहीत. शिवाय भीतीला नेमके लक्ष्य साधता येत नाही. कागद नसलेल्या बापाच्या भीतीमुळे त्याच देशात जन्मलेले, पूर्ण हक्काचे नागरिक असलेले मूलही लसीवाचून राहते.

आता आमच्या घराकडे वळू. मुसलमानांच्या व्यासपीठावर असा विषय निघाला की कोणीतरी आपल्या पूर्वजांची थोरवी सांगतो. ती खोटी नाही. नवव्या शतकात इसहाक बिन अली अल्-रुहावी यांनी तबीबाच्या आचारधर्मावर अरबीत स्वतंत्र ग्रंथ लिहिला. १२८४ मध्ये सुलतान कलावून यांनी कैरोत उभारलेल्या मन्सुरी इस्पितळात गरीब-श्रीमंत, स्थानिक-परका असा भेद न करता रुग्ण घेतले जात. विश्वासाने सांगितलेली गोष्ट ही अमानत आहे, तिच्यात खयानत करणे पाप आहे, हे तर आमच्या घरोघरी लहानपणी शिकवले जाते. परंतु त्याच कैरोच्या शेजारी, त्याच भाषेत कारभार करणारी आजची श्रीमंत राज्ये आपल्यासाठी राबणाऱ्या माणसाचे रक्त तपासून त्याला विमानात बसवतात, तेव्हा आमचे व्यासपीठ गप्प असते. युरोप-अमेरिकेच्या अन्यायावर लिहिताना लेखणीला जो जोर चढतो, तो आखाताच्या बाबतीत का ओसरतो? तेथून पैसा येतो म्हणून? अमानतीचा दाखला फक्त दुसऱ्याला सुनावण्यासाठी वापरला तर त्या शब्दाचीच खयानत होते.

आणि हा प्रश्न केवळ दूरदेशीचा नाही. जुलै १९९८ मध्ये मुंबईतील बंगाली बोलणाऱ्या मुसलमान जरीकामगारांना 'बांगलादेशी' ठरवून रेल्वेने पूर्वेकडे रवाना केले गेले. पश्चिम बंगालमध्ये लोकांनी गाडी अडवली तेव्हा देशाला त्यांची वार्ता कळली. जून २०२५ मध्ये मुंबईतून धरलेले पश्चिम बंगालचे काही मजूर सीमेपार ढकलले गेले आणि ते भारतीयच असल्याचे सिद्ध झाल्यावर परत आणावे लागले. त्याच वर्षाच्या आरंभी मालेगावसह राज्यात उशिरा नोंदलेल्या जन्मदाखल्यांची विशेष पथकामार्फत चौकशी सुरू झाली. खोटा दाखला देणाऱ्याला शिक्षा व्हावी, याबद्दल वाद नाही. पण बाळंतपण, जन्म आणि दाखला ही साखळी संशयाच्या फेऱ्यात आली की तिची पहिली कडी, म्हणजे दवाखाना, आपोआप चौकीसारखा दिसू लागतो. घरी बाळंत होणारी बाई ही मागासलेपणाची खूण मानून आपण तिला उपदेश करतो. तिच्या न जाण्यामागे कोणता हिशेब आहे, हे विचारण्याचे काम साहित्याचे आहे.

येथे आमच्या लेखकांपुढे एक अवघड जबाबदारी उभी राहते. दलित साहित्याने आम्हांला शिकवले की भोगलेले दुःख नावानिशी, गावानिशी, वस्तीनिशी सांगावे. तेव्हाच त्याची साक्ष होते. मुस्लिम मराठी लेखनाने हाच वारसा घेतला. पण ज्याच्या दुःखाची कथा त्याच्याच मुळावर येऊ शकते, त्याच्याविषयी लिहिताना हा नियम पुरत नाही. गल्लीचे नाव, गावाकडची बोली, अंगावरची खूण यांतले काहीही ओळख पटवायला पुरेसे असते. करुणेने लिहिलेली कथाही खबर ठरू शकते. म्हणून लेखकाने नाव बदलावे, वस्ती बदलावी, आणि तरीही वेदना सौम्य करू नये. हे कौशल्याचे काम आहे, आणि बर्जर यांनी ते करून दाखवले आहे : त्यांच्या पुस्तकातील स्थलांतरित बहुतेक ठिकाणी केवळ 'तो' आहे. त्या 'तो'मधून एकही माणूस पकडता येत नाही आणि एकही माणूस सुटत नाही.

या चारही कलाकृतींत एक गोष्ट समान आहे. माणुसकी जिथे कोठे उरली आहे, ती नोंदवहीच्या बाहेर उरली आहे : ओक्वेच्या चोरलेल्या औषधांत, जेनीने न दिलेल्या जबाबात, ॲनाच्या चिकटपट्टीत. हे वाचून हृदय भरून येते, पण या भरून येण्याने समाधान मानू नये. सारे चांगले बेकायदा होऊन बसावे, ही कोणत्याही समाजाची शोभा नव्हे. डॉक्टरला चोरी न करता उपचार करता यावा आणि रुग्णाला खोटे नाव न सांगता नाडी दाखवता यावी, एवढीच ही मागणी आहे. ती मान्य होईपर्यंत लेखकाने दोन गोष्टी सांभाळायच्या : मेलेल्यांची नावे विसरायची नाहीत आणि जिवंतांचे पत्ते सांगायचे नाहीत.